अवसेपर्यंत ठेवलेला हिरा

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

जीपमधून सगळ्यात आधी उतरली ती हौसाबाई! पोराचा बाप मागं, पोरगा मागं, मध्यस्थ उकंडराव तं अजून सीटखाली चप्पल शोधून राह्यले होते, अन् बुढी टुणकन खाली. ऐंशीच्या घरातली बाई, पण काठी नाई, कोणाचा हात नाई. नमस्कार-चमत्कार राह्यला बाजूला, दारातल्या झाडाकडे पाहून मले म्हणे, "सीताफळाचे डोळे उघडून राह्यले, उतरवत काहून नाई? पाखरं खातीन ना." मी म्हटलं, तुमच्यासाठीच ठेवले. हसली. तिथंच मले ती आवडली.

कामरगावची मंडळी ही. मळेवाले. वांगी, मेथी, टमाटे, सगळं कारंजाच्या बाजारात जाते. पोरगा उत्कर्ष, रोपवाटिका चालवते. आमच्या नातीले, वैभवीले, दिवाळीच्या आधी पाहून गेला, दोघंही हो म्हणाले. आज साक्षगंधाची तारीख काढाची होती. हौसाबाई म्हणजे त्याची आजी. बाप पुंजाजी गरीब माणूस, घरात शब्द चालते तो बुढीचा. हे मी पाच मिनिटांत ओळखलं. पोहे किती घ्याचे हेही पुंजाजी तिच्याकडे पाहून ठरवून राह्यला होता.

सुनेनं, विजयमालानं, पोहे चांगले केले होते. मले वाटते शेंगदाणे थोडे कमी पडले. असो.

पोरीची अंगठी पोराच्या घरून येते, हा रिवाज. पण आमची पोरगीच दागिने बनवते, मंग उत्कर्ष तिले म्हणे, तुझी तूच कर, हिरा आपण दोघं निवडू. झाली होती तयार. हौसाबाई म्हणे, पाहू दे बाई. वैभवीनं डबी उघडून हातात दिली.

हौसाबाईनं अंगठी दाराच्या उजेडात धरली. पदरानं पुसली. फिरवली. पुन्हा पुसली. मंग पुंजाजीले म्हणे, "याच्यात काळं आहे."

वैभवी म्हणे, "हो आजी. आतूनच आहे, पुसून जात नाई."

बुढीनं डबी मिटली अन् चहाच्या कपाजवळ ठेवून दिली. आवाज नाई वाढवला, हेच वाईट. म्हणे, "हिरा बाधते व माय. साफ असला तरी लोकं भेतात. हा तं डागाचा. आमच्या घरून नातसुनेच्या हातात डाग जाईन, अन् पुढं काही झालं तं मी कोणाले तोंड दाखवू?" तिच्या मोठ्या जावेच्या माहेरी असा एक आणला होता म्हणे, वर्षात घर फुटलं.

उत्कर्ष म्हणे, आजी, मीच निवडला. बुढीनं त्याच्याकडे पाह्यलंच नाई.

तारीख राह्यली तशीच. कळवतो म्हणून गेले. सीताफळं मात्र नेली, अन् तीही वेचून वेचून. ज्याले सोयरीक मोडाची असते तो माणूस पिशवी भरून नेत नाई. असं मी घरात म्हटलं तं कोणी हसलं नाई.

१० नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी वैभवीनंच दिली मले, बियाण्याच्या कंपनीची आहे, दर पानाखाली कपाशीचं बोंड. मी चौथी शिकलेली. जोडाक्षर आलं की माझी गाडी अडते. पण लिहिलं की मन हलकं होते, अन् घरात तेवढं माझं ऐकते कोण!

तं हिऱ्याचं लिहितो. त्याले सॉल्ट अँड पेपर म्हणतात. मी म्हणतो मीठ-मिरी. करड्या रंगाचा असते, आत काळे ठिपके, पांढरे ठिपके, कुठं एखादी धुरासारखी रेघ. लखलख करत नाई. तळ्यावर ढग आला की पाणी कसं दिसते, तसा दिसते.

वैभवी दोन वर्षं सुरतले कामाले होती, तिथं शिकली. आता अनसिंगले आमच्याच घरी, जिथं आधी पोती ठेवत होतो त्या खोलीत टेबल मांडून बसते. लहानसा गॅस, चिमटे, डोळ्याले भिंग. मी आधी लय भेत होती त्या जाळाले. दार उघडं ठेवून बाहेर बसत होती, पाण्याची बादली घेऊन.

पहिल्यांदा उन्हाळ्यात सुरतहून खड्यांच्या पुड्या आल्या. पोरगी वाशिमले गेली होती. मी उघडून पाह्यलं तं सगळे मळके! मले वाटलं, पोरीले फसवलं. रिठ्याच्या पाण्यात भिजवले, मंग चिंचेनं घासले, आमच्या बुढ्याच्या जुन्या ब्रशनं. पितळेचा देव निघते तं हिरा काहून नाई? हात दुखाले लागले पण एक ठिपका हलला नाई. पोरगी आली तं आधी रागावली, कारण तिनं रंगारंगानं वेगळे लावून ठेवले होते अन् मी सगळे एकाच वाटीत केले होते. मंग जमिनीवर बसून हसली. सांजेपर्यंत आमी दोघी निवडत बसलो, डाळ निवडल्यावानी. त्याच दिवशी मले ते आवडाले लागले. एकासारखा दुसरा नाई! एकात मले काळी चिमणी दिसली. वैभवीले नाई दिसली. तिनं तो मले विचारून विकला.

आता चाल हीच आहे म्हणते. आधी पोरींले पांढरा पाह्यजे होता, काचेसारखा. तसा आता कारखान्यात मशीनवर बनते, पाह्यजे तितका, सगळे एकासारखे एक. मंग पोरी म्हणतात, आमचा असा दे की दुसऱ्या कोणाच्या हातात नसीन. ज्याले कालपर्यंत लोकं बाजूले काढत होते तोच आज मागून घेतात. फोनवर मले दाखवते सगळं. कोणी पतंगाच्या आकाराचा मागते, कोणी सहा कोनी. वरून चपटा घासलेला. त्याले दाढांमध्ये, म्हणजे सोन्याच्या आकड्यांत, नाई धरत, भोवताल सोन्याची बारीक कड वळवतात. सोनंही चमकवत नाईत, घासून मंद ठेवतात. एका बोटात दोन-तीन बारीक अंगठ्या, एकावर एक. अकोल्याच्या एका नवरीनं तं आपल्या डोरल्यात बसवून घेतला, अन् पुण्याच्या एकीनं नथीत! नथीतला मले नाई पटला. नाकाखाली तीळ असल्यावानी दिसते. पण ती पोरगी खूश आहे तं मले काय.

किती लिहिलं मी. भाजी करपली तिकडं. करपली तं करपली, आज विजयमालाची पाळी आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कामरगावचा फोन नाई. बुढ्यानं दोनदा विचारलं, फोन चार्ज आहे ना?

१२ नोव्हेंबर, बुधवार

उकंडरावांचा फोन आला, इंझोरीहून. हौसाबाईचं म्हणणं असं, की पोरगी आवडली, घर आवडलं, बाकी काही अडचण नाई. फक्त दगड बदला. पांढरा घाला, नाई तं नुसती सोन्याची करा. अंगठी बदलली की तारीख आजच काढतो. अन् नाई बदलली तं मंग ती पुढं पाऊल टाकत नाई.

दिनेश, माझा पोरगा, फोन ठेवल्या ठेवल्या म्हणे, बदल बेटा, दगडापायी चांगलं घर सोडतात काय. विजयमाला कणीक मळत राह्यली. इतकी मळली की पोळ्या रबरासारख्या झाल्या.

वैभवी शांतपणे म्हणे, "बाबा, मी लोकाच्या पोरींले सांगतो, घाला, काही होत नाई. अन् माझ्याच साक्षगंधाले भिऊन पांढरा घालू? फोटो तं सगळ्याईले दिसन. उद्या माझ्याकडे कोण येईन?"

दिनेश म्हणे, मंग दोन कर, एक साक्षगंधाची अन् एक तुझी.

"उत्कर्षच्या घरी जाऊन जन्मभर लपवून काम करू काय?"

बुढे, म्हणजे आमचे मारोतराव, कोपऱ्यात पान लावत बसले होते. ते चुन्याच्या डबीकडे पाहून म्हणे, डोरल्यात काळे मणी चालतात, हिऱ्यात काळं चालत नाई, मोठी गंमत आहे. अन् पान तोंडात घातलं. त्यांचं असंच. चांगलं बोलतात अन् मंग तोंड भरून घेतात.

खरं सांगू काय? सकाळपर्यंत मलेही वाटत होतं, बदलावं. पोरीचं मन पाहून आता नाई वाटत. पण उत्कर्षसारखा पोरगाही रोज येत नाई. तो तिले फोनवर म्हणे, मी थांबतो, आजीले दुखवून नाई करणार अन् तुले सोडूनही नाई. आता हे दोघं थांबतीन, अन् आमी दोन बुढ्या आधी वर जाऊन बसू!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज मी कोणाले न विचारता हौसाबाईले फोन लावला. विजयमालाच्या फोनवरून, ती शेतात तुरीकडे गेली होती.

मले सकाळी चहा घेता घेता माझी माय आठवली. तिच्या वेळी ज्याले हिरा घ्याचा तो आधी घरी आणून ठेवत होता. सराफ देत होता तसा, विश्वासानं. काही दिवस घरात राहू द्याचा. घरात सुख राह्यलं तं घ्याचा, काही इडापिडा आली तं परत कराचा. लाभते की बाधते, हे दगडानं सांगाचं, माणसानं नाई.

मी हौसाबाईले म्हटलं, बाई, तुमी म्हणता बाधते. आमी म्हणतो नाई बाधत. मंग ठेवून पाहा ना. तुमच्या घरी, तुमच्या नजरेसमोर.

मंग म्हणे, "माझी सासू ठेवत होती असा." अन् मंग, "येत्या गुरुवारी अवस आहे. अवस घरातून निघून जाऊ द्या. त्याच्यानंतर माझा जबाब."

मी खुशीत घरच्याईले सांगितलं तं वैभवी माझ्यावरच उलटली! आजी, हे काय कबूल करून बसली तू? त्याईच्या घरचा बल्ब उडाला तरी माझ्या हिऱ्याच्या नावावर जाईन. दगडाची कसली परीक्षा?

बोलली ते खोटं नाई. पण शब्द तं गेला होता. दुपारभर टेबलावर खुडखुड करत राह्यली. सांजीनं बाहेर येऊन म्हणे, देतो, पण माझीही एक अट सांग त्याईले. डबीत ठेवून कपाटात टाकाची नाई. ज्याले पाहाचं त्यानं बोटात घालून पाहावं. काम करता करता, सगळीकडे.

मी पुन्हा फोन लावला. हौसाबाई म्हणे, घरात तं मीच पाहणारी. अन् माझे मालक गेल्यापासून मी हातात काही घातलं नाई. सूनही नाई घरात, वारली, तुमाले माहीत आहे. मी म्हटलं, बाई, हे सोन्यानाण्याचं सजणं नाई, हे पाहणं आहे. जसं दूध बिघडलं काय ते चमचाभर पिऊन पाहतो.

म्हणे, "बरं. करंगळीत जाईन."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उत्कर्ष आला, मोटरसायकलवर. अंगठी न्याले. मागं क्रेटमध्ये टमाट्याची रोपं बांधून आणली आमच्या परसासाठी. जेवत नाई म्हणे, अन् मंग तीन पोळ्या खाल्ल्या, विजयमालाच्या. आज मऊ होत्या.

वैभवीनं अंगठी त्याच्या हातात दिली तेव्हा दोघं फाटकाजवळ लय वेळ बोलत उभे होते. मी वालाच्या शेंगा तोडत होती. एकच वेल मी किती वेळ तोडला हे वेलालेच माहीत. ऐकू काही आलं नाई. फक्त एकदा तो म्हणे, "काही झालं तं आधी मी सांगीन, उकंडकाका नाई." चांगलं वाटलं मले.

रोपं लावली. काठ्या लावाच्या राह्यल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

त्याईच्या विहिरीवरची मोटर जळाली.

उत्कर्षनं सांगितल्याप्रमाणं आधी वैभवीले फोन केला. मंग तासाभरात उकंडरावांचा आलाच. त्याईच्या आवाजातच होतं सगळं. म्हणे, बुढी काही बोलली नाई अजून, पण मी तुमाले कानावर घालून ठेवतो. मेथीचे वाफे सुकून राह्यले, पुंजाजी मोटर घेऊन कारंजाले गेला.

दिनेश म्हणे, झालं. विजयमाला देवघरात जाऊन बसली. वैभवी म्हणे, आजी, मी म्हटलं होतं ना. रागानं नाई म्हणाली, त्याचंच वाईट वाटलं. उत्कर्षचं म्हणणं, मोटर मागच्या वर्षीही जळाली होती, तवा कोणता हिरा होता घरात? पण हे बुढीले कोण सांगणार.

अन् आता कोणी वाचत नाई म्हणून लिहितो. माझ्याही मनात पाल चुकचुकली. इकडं घातला अन् तिकडं मोटर? मंग मीच मले रागावली. आमच्या घरात तो दगड उन्हाळ्यापासून आहे. आमाले काय झालं? नातवाले, प्रज्वलले, नोकरी लागली. गाय व्याली. बुढ्याचा गुडघा तेवढा दुखते, तो आधीपासून.

फोन कराचा होता हौसाबाईले. नाई केला. मोटर जळालेल्या घरी फोन करून अंगठीचं विचारणं बरं नाई दिसत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तिचाच आला! सकाळी नऊच्या सुमारास, मी रोपांले काठ्या लावून राह्यली होती. चिखलाच्या हातानंच उचलला.

म्हणे, "विहीणबाई, याले पाणी चालते काय?"

विहीणबाई म्हणाली! निघून गेलं असन तोंडातून. मी नाई टोकलं.

म्हटलं, पाणी, साबण, सगळं चालते, मी तं चिंचेनं घासला आहे. म्हणे, मेथी खुडताना त्याच्या कडेले माती बसते. मी म्हटलं, बसू द्या, धुतली की जाते. मंग मोटरचं मीच विचारलं, राहवलं नाई. तं म्हणे, मोटर पुंजाजीच्या आळसानं जळाली. स्टार्टरच्या पेटीचं दार उघडं ठेवते, आत पाल शिरली, चिकटली. मेलेली पाल मी माझ्या डोळ्यानं पाह्यली, त्याच्यात हिऱ्याचं काय.

मले इतकं बरं वाटलं की मी मटकन बांधावरच बसली.

मंग बोलतच राह्यली ती. मोटरचं नाई, तारखेचंही नाई. म्हणे, वाफ्यावर बसून हात पुढं केला की उन्हात तो दिसते. आधी मले काळंच दिसे. काल पाह्यलं तं मले माझ्या मायचं मडकं दिसलं. माय बियाण्याचे मूग राखेत कालवून ठेवत होती, कीड लागू नये म्हणून. पेरणीले मडकं उघडलं की असंच दिसे, करडं करडं, अन् मधात काळे, हिरवे दाणे. "ते वाया गेलेलं नसे व बाई. ते तं पुढच्या वर्षीचं असे."

मी म्हटलं, हो.

सांजीनं वैभवीले सांगितलं. ती भिंग लावून बसली होती, ते काढलं नाई. पण हात थांबला तिचा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काही नाई. पाह्यजेच असं नाई रोज काही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अवस. दुपारनंतर निघून गेली, बुढ्यानं कॅलेंडर पाहून सांगितलं. कामरगावचा फोन नाई. सांज झाली, नाई.

मूग आठवले म्हणून बाई बदलली असं नाई होत, हेही मले समजते. घर तिचं आहे, भीती तिची आहे. वैभवीनं एक झालेली अंगठी पुन्हा घासाले घेतली. तिच्याजवळ जाऊन बसली मी. म्हटलं, बाई, नाई म्हणाली हौसाबाई तरी तू दगड बदलू नको. मी आहे. पोरगी म्हणे, तू काय करशीन आजी? मी म्हटलं, जीप करून कामरगावले जाईन अन् त्या उत्कर्षले त्याच्या रोपासकट उचलून आणीन.

हसली. खरंच हसली, तोंडावर हात न ठेवता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळीच हौसाबाई. म्हणे, "अंगठी परत देत नाई मी." मंग म्हणे, "पोरीले सांगा, साक्षगंधाले तिच्यासाठी दुसरी कर, अशीच, ठिपक्याची. ही माझ्या हातात राह्यली. इतक्या वर्षांनी माझ्याच हाताकडं पाहून राह्यली मी." वैभवी तवापासून पुड्या उघडून बसली आहे, स्वतःसाठी खडा निवडून राह्यली, अन् मले म्हणते, दुसरी चिमणी सापडली तं सांग. रविवारी येतात सगळे, तेवीसले. तारीख काढाले, अन् हौसाबाईच्या करंगळीत अंगठी ढिली होते तं तिचं माप द्याले.